बुलडॉगसाठी लावलेला कौल

डिचोलीकडच्या खाणी जोरात चालल्या होत्या आणि आमच्या पेडण्यातल्या वाड्यावर घराघरापुढे ट्रक उभे राहत होते, त्या दिवसांत मी घरी बुलडॉग आणला. ट्रक घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि हिंमत तर त्याहून नव्हती. मी डिचोलीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. स्कूटरवरून जाता-येता ट्रकांची धूळ खायची आणि संध्याकाळी शेजाऱ्यांकडून त्याच ट्रकांच्या फेऱ्यांच्या गप्पा ऐकायच्या, हा माझा दिनक्रम. आपल्याही अंगणात लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी असावं, ही हौस माणसाला कुठे नेऊन सोडते ते मला विचारा.

पणजीत माझ्या ओळखीचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांना पोर्तुगालचे पासपोर्ट मिळाले आणि सगळे घराला कुलूप लावून निघाले. कपाटांना गिऱ्हाईक मिळालं, खुर्च्यांना मिळालं, राहिला तो बुलडॉग. घरातली म्हातारी डोळे पुसत मला म्हणाली, "मास्तर, ताका बऱ्या घरांत वचूंक जाय." बरं घर म्हणजे आमचंच, असं मी लगेच ठरवून टाकलं. त्याचा तो पुढे आलेला जबडा, लोंबणारे गाल, रुंद छाती आणि जगावर कायमचा रुसल्यासारखा चेहरा बघून माझी खात्री पटली की चोर तर सोडाच, पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा आता फाटकाबाहेरूनच भोंपू वाजवणार.

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर तो आणि मी. पणजी सोडल्यापासून तो गुरगुरत होता. मी अंग चोरून दाराला चिकटून बसलो होतो. कोलवाळचा पूल ओलांडल्यावर ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, भियेव नाकात. तो न्हिदला." म्हणजे मी तासभर ज्याला घाबरलो ते त्याचं घोरणं होतं.

आई अंगणात खोबरं सुकत घालत होती. तिने कुत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "देवाक विचारलंस?"

हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. आई कुठलीही गोष्ट देवळात जाऊन कौल घेतल्याशिवाय करत नसे. कौल म्हणजे, भटजी मूर्तीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतात, देवाला प्रश्न सांगतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे फ्रीज आला तो कौल घेऊन. माझं लग्न ठरलं तेही कौल घेऊन. बायको अजून म्हणते, त्या दिवशी वारा होता. घराची कौलं काढून मी स्लॅब घालायचं ठरवलं तेव्हाही आईने देवाला विचारलं. घराला उजवा कौल झाला, पण देवाच्या खोलीला डावा. त्यामुळे आमचं सगळं घर स्लॅबचं झालं आणि तेवढी एक खोली, विहिरीला लागून, फणसाखाली, जुन्या कौलांच्या छपराची आणि तांबड्या सिमेंटच्या जमिनीची राहिली. मी पुष्कळ चिडचिड केली होती. घराला ठिगळ लावल्यासारखं दिसतं, म्हणालो होतो.

"कुत्रा आणायला देवाला काय विचारायचं?" मी म्हणालो.

"हो सुणो?" आई म्हणाली. "माका दिसलो बेबो." सुणो म्हणजे कुत्रा, बेबो म्हणजे बेडूक.

लवकरच एक गोष्ट उघडी पडली. कुत्रा माझं काही ऐकत नव्हता. मराठीत सांगून झालं, कोकणीत सांगून झालं, शाळेत मुलांवर वापरतो तो आवाज काढून झाला. तो माझ्याकडे बघायचा, जांभई द्यायचा आणि होता तिथेच पसरायचा. एका सकाळी तो खोबऱ्याच्या सुपावर बसायला निघाला तशी आई ओसरीवरून कडाडली, "फोरा!" कुत्रा ताडकन वळून अंगणाबाहेर गेला. आईलाच आश्चर्य वाटलं. मग तिने हळूच म्हटलं, "सेंता." तो बसला.

आई गोव्याच्या मुक्तीच्या आधी, लहानपणी, पोर्तुगीज शाळेत गेलेली. तिथलं सगळं ती विसरून गेली होती, उरले होते ते बाईंच्या तोंडचे दहा-बारा हुकूम. बस, ऊठ, बाहेर हो, आत ये. आणि त्या पणजीच्या घरात कुत्र्याला नेमके हेच हुकूम पाठ करवलेले. दरवर्षी मुक्तिदिनाला शाळेच्या पटांगणावर साडेचारशे वर्षांच्या गुलामगिरीवर मी घसा फोडून भाषण करायचो, आणि माझ्याच घरी माझा कुत्रा पोर्तुगीज सोडून कुणाचा शब्द मानत नव्हता. बायकोने ही गोष्ट माझ्या सहशिक्षकांना सांगितली. त्यानंतरच्या मुक्तिदिनाला मी भाषण आटोपतं घेतलं.

राखणीचं म्हणाल तर त्याने आयुष्यात कुणावर भुंकल्याचं मला आठवत नाही. पोदेर फाटकाबाहेर थांबेल म्हणत होतो, तो रोज आत येऊन त्याच्या डोक्यावर थोपटून एक पोळी, म्हणजे कोंड्याचा पाव, त्याला फुकट देऊन जायचा. नारळ पाडणारे आले की हा माडाखाली झोपायचा आणि त्यांनाच काम थांबवून त्याला बाजूला ओढावं लागायचं. पहिल्या रविवारी मी ऐटीत त्याला साखळी लावून बाजारापर्यंत फिरवायला निघालो. जाताना सगळे थांबून बघत होते, मला धन्य वाटत होतं. परत फिरलो आणि तो देवळाच्या चढावर बसला. उठेना. ओढलं, विनवलं, शेवटी कवेत उचलून घेतलं. येतानाही सगळे थांबून बघत होते. एक ट्रकवाला शेजारी गाडी हळू करून म्हणाला, "मास्तर, तुमका राखपाक तो हाडला, काय ताका राखपाक तुमी?" मी कुत्रा जरा वर सरकवून घेतला आणि धापा टाकत चालत राहिलो.

शिवाय त्याची निगा. तोंडावरच्या घड्या रोज ओल्या फडक्याने पुसायच्या आणि मग कोरड्या करायच्या, नाहीतर आत चिघळतं. शेपटीच्या बुंध्याशीही तशीच एक घडी. हे काम मी उत्साहाने अंगावर घेतलं आणि मी फडकं घेऊन आलो की कुत्रा खाटेखाली जाऊ लागला. आई लांबून बघायची. ती देवांच्या पितळी मूर्ती रोज धुवायची, कानाकोपऱ्यातलं पाणी टिपून घ्यायची. माझं रगडणं तिला बघवेना. एक दिवस म्हणाली, "तशें पुसतात? तो काय पेडणें बाजारातलो तवो?" आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन ती खाली बसली. तेव्हापासून तिचा क्रम ठरला. उठल्यावर आधी कुत्र्याच्या घड्या, मग आंघोळ, मग सोवळं नेसून देवांची पूजा. कुत्र्याला हात लावल्यावर आंघोळ आणि आंघोळीनंतर कुत्र्याला हात नाही. तो मात्र पूजेच्या वेळी देवाच्या खोलीबाहेर यायचा, उंबरठ्यावर हनुवटी टेकवायचा आणि आतून येणाऱ्या गारव्यात घोरायला लागायचा. एक पंजा जरी आत सरकला की आतून "फोरा!" यायचं. पंजा मागे जायचा. हनुवटी तिथेच राहायची.

असा हिवाळा गेला. मग मे महिना आला.

स्लॅबचं घर मे महिन्यात काय असतं ते ज्याने स्लॅब घातलाय त्यालाच माहीत. जमिनीला मी चकचकीत लाद्या घातल्या होत्या, त्याही दुपारी कोमट व्हायच्या. खाणींच्या बाजूला वीज राहायची, आमच्याकडे जायची. कुत्रा सकाळी दहापासून धापा टाकायला लागायचा. या जातीच्या कुत्र्याचं नाक आत दबलेलं, श्वासच पुरत नाही, हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी फक्त जबडा बघून भुललो होतो. एका दुपारी वीज गेलेली असताना तो हॉलमध्ये आडवा झाला, जीभ जांभळी पडली आणि डोळे फिरले. बायकोने पोटावर आणि पंजांवर पाणी ओतलं, मी वर्तमानपत्राने वारा घालत ओरडत राहिलो. माझ्या ओरडण्याचा काही उपयोग झाल्याचं मला वाटत नाही. तो वाचला तो पाण्याने.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं, "मास्तर, हा पुन्हा असा पडला तर उठायचा नाही. पंख्यावर विसंबू नका, तुमच्याकडे वीज कुठे राहते? याला दिवसभर गार जमीन पाहिजे. घरात आहे का अशी जागा?"

आम्ही तिघांनीही देवाच्या खोलीकडे पाहिलं. तिघांनाही जागा माहीत होती.

डॉक्टर गेल्यावर मी विषय काढला. आई म्हणाली, "सुण्याक देवाच्या खोलयेत? माज्या घोवाच्या घरातले देव ते. मी गेल्यार कर जाय तें." म्हणजे हे बाबांच्या घरचे देव, ती असेपर्यंत तिथे कुत्रा नाही. माझं डोकं तापलं. मी भूतदयेवर बोललो, संतांचे दाखले दिले, शेवटी सोवळं-ओवळं म्हणजे मागासलेपणा इथपर्यंत घसरलो. आई शांतपणे तांदूळ निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "देवाक विचारूया. फाल्यां वचूया."

आता मी कौल मानत नाही हे गावभर माहीत होतं. मीच सांगत असे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा काढून, उघड्या अंगाने मी गाभाऱ्यापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हा माझ्या आधी तिथे असं मनापासून कुणी उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही. भटजींनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हें तुजें लेकरूं तुज्या पायांकडे आयलां. ताच्या सुण्याचो जीव संकटांत आसा. ताका घरच्या देवाखोलयेत घेवपाक तुजी मान्यताय आसा काय ना, उजवो-डावो करून सांग म्हाराजा!" बाकीचे चार लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

पाकळ्या हलेनात. मी उजव्या पाकळीवर डोळे लावले होते. विज्ञानाने काही होत असेल तर बघावं म्हणून हळूच फुंकरही घातली असती, पण अंतर फार होतं.

डावी पाकळी पडली.

मी बाहेर आलो. सदरा उलटा घातला तोही तसाच. स्कूटरपाशी उन्हात उभा राहून देवाला नको नको ते बोललो. देवाचं काय जातंय, त्याला काळ्या दगडाचा थंडगार गाभारा आयता मिळालाय, जरा आमच्या हॉलमध्ये येऊन बस म्हणावं. एक बाई ओटी घेऊन चालली होती, ती थबकली आणि लांबून गेली. मला खरोखर रडू येत होतं. घरी बायको ओले टॉवेल घेऊन त्याच्यापाशी बसली असेल, अकरा वाजले की वीज जाईल, आणि आज नाही तर उद्या तो जाईल, एवढंच डोक्यात होतं. चांगल्या घरात जायला पाहिजे, असं म्हातारी म्हणाली होती.

आई बाहेर यायला बराच वेळ लागला. आली ती लगबगीने.

"उजवो पडलो," ती म्हणाली.

"डावी पडली. मी बघितली ना."

"ती तुजी. मागीर हांवें वेगळें विचारलें." ती स्कूटरवर मागे बसली. "माका बेगीन घरा व्हर. देव हालोवचे आसत."

मला काही कळेना. वाटेत तिने सांगितलं. कुत्रा देवाच्या खोलीत नको, असं देव म्हणाला ते बरोबरच म्हणाला. देव आहेत तिथे कुत्रा कसा जाईल? म्हणून तिने दुसरा कौल लावायला सांगितला. देवांना त्या खोलीतून हॉलमध्ये आणलं तर चालेल काय? पाकळी लगेच उजवी पडली. म्हणजे आता ती खोली देवांची नाही. नुसती खोली.

"आणि देवांना हॉलमध्ये गरम होणार नाही?" मी विचारलं. इतका वेळ देवाला शिव्या घालून मला आता एकदम त्याची काळजी वाटायला लागली होती.

"देव धापां टाकीना," आई म्हणाली. "सुणो टाकता."

घरी पोचलो तर वीज गेलेलीच होती. कुत्रा हॉलमध्ये पसरला होता, पोट भात्यासारखं चाललं होतं. आईने आंघोळ केली, सोवळं नेसली आणि कामाला लागली. हॉलमधली सगळ्यांत चांगली भिंत माझ्या टीव्हीची होती. बाजूला काचेच्या कपाटात माझ्या आदर्श शिक्षकाच्या ढाली. "हें काड," आईने सांगितलं. टीव्ही झोपायच्या खोलीत कपाटावर गेला, तिथे मान मोडून क्रिकेट बघायची सवय मी पुढे लावून घेतली. ढाली खाटेखाली गेल्या. त्या जागी चौरंग मांडला आणि आईने एकेक देव दोन्ही हातांनी उचलून आणला. वाटेत ती काहीतरी पुटपुटत होती. माफी मागत असावी.

मग खोली मोकळी झाली. मी कुत्र्याला दारापर्यंत ओढत नेलं. उंबरठ्यापाशी आल्यावर त्याने चारी पाय रोवले. हनुवटी उंबरठ्यावर टेकवली आणि तिथेच धापा टाकत राहिला. समोर गार जमीन, आणि हा आत जाईना. त्याचं चुकत नव्हतं. सहा महिने आम्ही त्याला हेच तर शिकवलं होतं. मी ढकललं, बायकोने पोळीचा तुकडा आत टाकला, मी दात-ओठ खाऊन ओरडलो. जीभ पुन्हा जांभळट दिसायला लागली.

आई सोवळ्यात होती. ती तशीच आत जाऊन जमिनीवर बसली, आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "एंत्रा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. एक पंजा आत टाकला आणि थांबला. आतून "फोरा" येतंय का याची वाट बघत होता.

"एंत्रा, रे," आई म्हणाली. "ये. एंत्रा."

तो आत गेला, मागचे पाय मागे टाकून पोटावर सपाट झाला आणि आईच्या मांडीला डोकं लावलं. सोवळं मोडलं. आईने त्याच्या तोंडावरची घडी बोटाने उघडून बघितली, आणि पदराच्या टोकाने टिपली. धापा हळूहळू कमी झाल्या. मग घोरणं सुरू झालं. ते ऐकून आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि माझ्याही. बायको म्हणाली, आता तिघांनीही इथेच झोपा, मी जेवण वाढून आणते.

त्या वर्षी चवथीचा गणपती हॉलमध्ये बसला, त्याच्यावरची फळा-पानांची माटोळी तिथेच बांधली. सोयरेधायरे आले त्यांनी विचारलं, देव इकडे कसे? आई सांगायची, "देवाचो कौल जालो." यात खोटं काहीच नव्हतं. आरती चालू असताना शेजारच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला की भटजी टाळ जरा जोरात वाजवायचे.

पुढे काही वर्षं तो त्या खोलीत सुखाने राहिला. खाणी बंद पडल्या, वाड्यावरचे ट्रक उभे राहून गंजले, लोक आता त्यांच्याकडे बघत नव्हते आणि माझ्या कुत्र्याकडेही नव्हते. एका पावसाळी सकाळी आई लुगड्याचा तुकडा घेऊन त्याच्या घड्या पुसायला गेली आणि तिने मला हाक मारली नाही. मीच गेलो. ती त्याचं तोंड पुसत होती, नीट, कानाकोपऱ्यातलं पाणी टिपत. तो गेला होता. फणसाखाली खड्डा मी खणला. त्या दिवशी देवांची पूजा दुपारी झाली.

खोली तशीच राहिली. आई रोज ती पुसून काढते, दुपारी तिथे जमिनीवर पडते. चवथ जवळ आली तेव्हा मी म्हणालो, "आई, आता देव परत आत नेऊया. त्यांची जागा ती." मनात टीव्हीही होता, खोटं कशाला बोलू.

आई म्हणाली, "रावंदी." म्हणजे देव राहू देत तिथेच.

"असं कसं? चल, उद्या देवळात जाऊ. कौल लावू." हे मी म्हणत होतो, मी. "विचारायला काय जातं?"

आईने खोलीच्या उंबरठ्याकडे पाहिलं. फ्रीजपासून माझ्या लग्नापर्यंत सगळं देवाला विचारणारी माझी आई त्या उंबरठ्यावर जाऊन बसली.

"आनी देवान व्हय म्हटल्यार?" ती म्हणाली.